रक्त कोणाला हवे होते?

प्रायश्चित्ताच्या दिवशी इस्राएलचा महायाजक आपला भरजरी पोशाख उतरवून साधी तागाची वस्त्रे घालीत असे. आधी स्नान, मग स्वतःच्या पापांसाठी गोऱ्ह्याचा बळी. धुपाटण्यात निखारे आणि मुठी भरून कुटलेला धूप घेऊन तो पडद्याआड परमपवित्रस्थानात शिरे. कराराच्या कोशावरचे सोन्याचे दयासन धुराने झाकले गेले नाही, तर आपण जिवंत बाहेर येणार नाही, अशी त्याला धास्ती असे. मग तो बोटाने दयासनावर रक्त शिंपडी आणि त्याच्यापुढे सात वेळा शिंपडी. दोन बोकडांवर चिठ्ठ्या टाकून एक परमेश्वरासाठी आणि दुसरा अजाजेलासाठी ठरलेला असे. पहिल्याचा बळी देऊन त्याचे रक्तही तसेच आत नेले जाई. दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून महायाजक साऱ्या लोकांचे अपराध कबूल करी आणि त्याला जिवंतपणी रानात सोडले जाई.

लेवीय या पुस्तकाच्या 16 व्या अध्यायातला हा विधी सावकाश वाचला तर एक गोष्ट ध्यानात येते, आणि व्यासपीठावरून ती क्वचितच ऐकू येते. ज्या बोकडावर पापे लादली जातात त्याला मारत नाहीत. ज्याला मारतात त्याच्यावर पापे लादल्याचा उल्लेख नाही. ‘आपली शिक्षा त्या मुक्या जनावराला झाली’ हा हिशेब इथे बसतच नाही. रक्ताने शुद्ध होते ते पवित्रस्थान आणि वेदी, म्हणजे लोकांच्या पापांनी विटाळलेली देवाची वस्ती. पुढच्याच अध्यायात परमेश्वर सांगतो की जीव रक्तात असतो आणि वेदीवर प्रायश्चित्त व्हावे म्हणून ते रक्त त्यानेच लोकांना दिले आहे. या व्यवहारात पहिला देणारा देव आहे. पाचव्या अध्यायात तर गरिबाला मेंढी झेपत नसेल तर दोन पारवे चालतात, आणि तेही जमत नसतील तर एफा या मापाचा दहावा हिस्सा सपीठ पुरते. त्यावर तेल नको, धूप नको. रक्ताचा थेंबही न सांडता त्या माणसाला क्षमा मिळते.

हे आरंभीच सांगण्याचे कारण असे, की ख्रिस्ती विचारातली सगळ्यांत अवघड गाठ इथूनच सोडवायला घ्यावी लागते. घरी परतलेल्या उधळ्या मुलाकडे धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडणारा बाप आणि निरपराध पुत्राचे रक्त सांडल्यावरच शांत होणारा न्यायाधीश, हे दोघे एकच कसे? हा प्रश्न नास्तिकांनी खोडसाळपणे उभा केलेला नाही. चर्चमधल्या उत्तमोत्तम बुद्धीच्या माणसांना तो छळत आला आहे.

संदेष्ट्यांपासून सुरुवात करू. इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकात तकोवा गावचा आमोस नावाचा गुराखी बेथेलच्या देवस्थानात जाऊन गरजला. तुमचे सण आणि होमबली देवाला नकोसे झाले आहेत, कारण एका जोड्यासाठी तुम्ही गरिबाला विकता, खोट्या तराजूने मापता. आमोसच्या देवाला संताप येतो, आणि भयंकर येतो. पण तो कोणाच्या वतीने येतो ते पाहिले पाहिजे. ज्याचे धान्य मापात मारले गेले त्याच्या वतीने. हा संताप काढून टाकला, तर त्या गरिबासाठी देवाकडे नुसती गोड सहानुभूती उरेल. त्याच शतकातला होशेय म्हणतो की देवाला यज्ञापेक्षा दया हवी आहे. त्याच्याच पुस्तकात देव एफ्राइमवर, म्हणजे इस्राएलवर, चिडतो आणि मध्येच त्याचे काळीज उलटते. तो कोपाचा भडका आवरतो, आणि कारण देतो ते हे की तो देव आहे, माणूस नव्हे. देवाने राग आवरणे हीच त्याच्या देवपणाची खूण ठरते, आणि तीही ख्रिस्ताच्या कित्येक शतके आधी.

येशूने होशेयचे हेच वचन उच्चारल्याचे मत्तयने दोनदा नोंदवले आहे. एकदा जकातदारांच्या पंगतीत बसल्यावर, एकदा शब्बाथाच्या दिवशी भुकेल्या शिष्यांनी कणसे मोडल्यावर. मत्तयच्याच 18 व्या अध्यायातल्या दाखल्यात राजा दहा हजार तालांतांचे ऋण सोडतो ते छदामही न घेता. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात वासरू कापले जाते, पण ते मेजवानीसाठी. वेदीवर चढवण्यासाठी नव्हे. इतके असूनही शेवटच्या भोजनाच्या वेळी प्याला हाती घेऊन येशू करारासाठी सांडणाऱ्या आपल्या रक्ताविषयी बोलतो. म्हणून ‘रक्ताची भाषा पौलाने मागाहून घुसडली’ असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. पौल स्वतःही रोमकरांस पत्रात ख्रिस्ताला दयासन म्हणतो, पण ते देवाने पुढे ठेवले आहे असे सांगतो. लेवीयमधली देण्याची दिशा तो उलटी करीत नाही.

सन 70 मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर जाळले आणि बळींचा प्रश्न एका दिवसात नुसता तात्त्विक उरला नाही. यहुदी परंपरेत एक कथा आहे. राखेचा ढिगारा पाहून रब्बी यहोशुआ हळहळले, की पापांचे प्रायश्चित्त होण्याची जागाच गेली. त्यांचे गुरू योहानान बेन झक्काई यांनी त्यांना धीर दिला: प्रायश्चित्ताचे दुसरे, तितकेच मोलाचे साधन आपल्यापाशी आहे, परोपकार. आधार म्हणून त्यांनीही होशेयचेच वचन दिले. एकाच मंदिराच्या अंगणात वाढलेले दोन समाज बळीविना जगायला शिकले, आणि दोघांनीही त्या एका संदेष्ट्याचा हात धरला, हे मला फार मोलाचे वाटते.

दुसऱ्या शतकात मार्कियोनने गाठ सोडवण्याऐवजी कापली. कोपणारा देव वेगळा, येशूचा दयाळू पिता वेगळा, असे त्याने मांडले. सन 144 च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला दूर केले आणि जुना करार सोडला नाही. तो निर्णय योग्यच होता, कारण आमोसला वगळून मिळणारी दया बेचव झाली असती. पुढे येशूचे मरण म्हणजे सैतानाला दिलेली खंडणी, ही कल्पना बराच काळ चालली. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरीने तिला सरळ प्रश्न केला: हे रक्त दिले कोणाला? सैतानाला दिले म्हणावे तर लुटारूला एवढे मोल देणे लाजिरवाणे आहे. पित्याला दिले म्हणावे, तर आपण त्याच्या कैदेत नव्हतो. शिवाय अब्राहामाने इसहाकाला वेदीवर ठेवले तेव्हा ज्याने तो बळी घेतला नाही, त्याला पुत्राचे रक्त रुचेल कसे? यापेक्षा नेमका प्रश्न नंतरही कोणी विचारला असेल असे मला वाटत नाही.

आज आपण जे उत्तर गृहीत धरतो ते बरेच उशिराचे आहे. कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने राजाशी बिनसल्यामुळे परागंदा असताना, 1098 मध्ये, देव माणूस का झाला या विषयावरचा आपला ग्रंथ पूर्ण केला. त्याच्या काळच्या सरंजामी जगात अपराधाचे वजन अपमान झालेल्याच्या पायरीवरून ठरे. सामान्य माणसाचा अपमान वेगळा, सरदाराचा वेगळा, राजाचा वेगळा. मग अनंत देवाच्या मानाची भरपाई अनंतच हवी. ती माणसाने द्यायला हवी, पण देऊ शकतो फक्त देव, म्हणून देवमाणूस. तर्क देखणा आहे, आणि अँसेल्मला न्याय द्यायचा तर हेही सांगायला हवे की त्याच्या मते भरपाई किंवा शिक्षा यांपैकी एकच होते, आणि ख्रिस्ताने भरपाई दिली. पित्याने पुत्राला शिक्षा केली असे तो म्हणत नाही. काही दशकांनी अबेलारने विचारले, की निरपराध्याचे रक्त किंमत म्हणून मागणे हे क्रौर्य नव्हे काय? वधस्तंभावरचे प्रेम पाहून माणसाचे मन पालटते, तिथेच तारण आहे, असे तो सांगे. क्लेर्व्होच्या बर्नार्डने त्याच्यावर पाखंडाचा ठपका ठेवला.

सोळाव्या शतकात दरबाराच्या जागी फौजदारी न्यायालय आले. कॅल्विन कायदा शिकलेला होता. त्याच्या मांडणीत ख्रिस्त आपल्या जागी आरोपी म्हणून उभा राहतो आणि आपला दंड भोगतो. हीच मांडणी पुढे मिशनऱ्यांबरोबर जगभर पोचली. पण कॅल्विनलाही अडचण दिसली होती. देवाने आधीच प्रेम केले नसते तर पुत्राला पाठवले कशाला? तो ऑगस्टीनचा आधार घेऊन प्रेमच आधीचे हे कबूल करतो. फाउस्टो सोसिनीने 1594 मध्ये छापलेल्या ग्रंथात तिथेच बोट ठेवले. सावकाराचे कर्ज भावाने पै-पैसह फेडले तर सावकाराने कर्ज माफ केले असे कोणी म्हणत नाही. दंड पुरा वसूल झाला असेल तर क्षमा उरली कुठे? या युक्तिवादाला समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही.

पण सोसिनीच्या वाटेने गेले तर वधस्तंभ हे नुसते उदाहरण बनते. मला अधिक जवळचा वाटतो तो स्कॉटलंडमधला जॉन मॅकलाउड कॅम्बेल. गेअरलॉखच्या काठावरच्या रो गावचा हा तरुण पाळक. आपली माणसे देवाला मानतात पण देव आपल्याला मानतो का या धास्तीत जगतात, हे त्याला घरोघरी फिरताना दिसले. ख्रिस्त निवडक लोकांसाठी नव्हे, सर्वांसाठी मेला, असे तो सांगू लागला. 1831 मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेने त्याला पाळकपदावरून काढले. सभेत त्याचे वडील, तेही पाळक, उभे राहिले आणि इतक्या पवित्र, निष्कलंक मुलाचा बाप असण्याची मला कधीच लाज वाटणार नाही, अशा अर्थाचे बोलले. पंचवीस वर्षांनी, 1856 मध्ये, कॅम्बेलचा प्रायश्चित्तावरचा ग्रंथ आला. प्रायश्चित्त झाले म्हणून देव प्रेम करू लागला असे शास्त्र सांगत नाही. देवाचे प्रेम होते म्हणून प्रायश्चित्त झाले, हे त्याचे म्हणणे. ख्रिस्त पापाविषयीच्या देवाच्या दुःखात पूर्णपणे सहभागी झाला आणि माणसांच्या वतीने पापावरच्या देवाच्या न्यायाला ‘आमेन’ म्हणाला. कोप खोटा नाही, पण तो विकत घेऊन शांत करायचा नसतो.

मराठी मनाचा अनुभवही याच बाजूची साक्ष देतो. 1893 मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने दिलेला नवा करार नारायण वामन टिळकांनी वाचला, आणि त्यांना खेचून घेतले ते डोंगरावरील प्रवचनाने, शत्रूवरही प्रेम करायला सांगणाऱ्या अध्यायांनी. दोन वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

वाद अजून मिटलेला नाही. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या समितीला 2013 च्या नव्या गीतपुस्तकात एक लोकप्रिय गीत घ्यायचे होते. त्यात वधस्तंभावर देवाचा क्रोध शमला अशा अर्थाची ओळ आहे. समितीला तिथे क्रोधाऐवजी प्रेमाचा उल्लेख हवा होता. कवींनी नकार दिला आणि गीत पुस्तकाबाहेर राहिले. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. क्रोध शब्द पुसला तर आमोसचा गरीब एकटा पडतो. क्रोध रक्त पिऊन तृप्त झाला म्हटले तर ग्रेगरीच्या प्रश्नाला तोंड दाखवता येत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे वधस्तंभावर देवाचा राग कमी झाला नाही. खोट्या तराजूवर, विकल्या गेलेल्या गरिबावर तो आजही तितकाच आहे. फक्त त्या रागाची किंमत त्याने अपराध्याकडून उगवली नाही, ती स्वतः भरली. पिता एकीकडे आणि पुत्र दुसरीकडे असे तिथे कधीच नव्हते.

म्हणून उत्तम शुक्रवारी प्रवचन करणाऱ्यांना एक विनंती. शिक्षा, दंड आणि बदली कैदी यांची चित्रे लेकरांपुढे रंगवण्याआधी लेवीयच्या पाचव्या अध्यायातल्या त्या तीन ओव्या, अकरा ते तेरा, मोठ्याने वाचा, आणि आमोसचा पाचवा अध्याय त्यांच्यापाठोपाठ वाचा.