सरांचं नाव घालावंच लागतं

पीएचडी करणाऱ्या कुणालाही विचारा, शोधनिबंधावर नावं कुणाकुणाची? मला बहुतेकदा एकच उत्तर मिळतं: "सरांचं घालावंच लागतं." सरांनी खरंच मार्गदर्शन केलं असेल, कामात डोकं घातलं असेल, तर घालायलाच हवं. पण ज्यांनी निबंध वाचलेलाही नाही, त्या विभागप्रमुखांचं कशासाठी?

याबद्दल नियम आहेत. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकासाठी चार अटी घातल्या आहेत: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. चारही पूर्ण व्हायला हव्यात. नुसता निधी मिळवून दिला, तर आभार मानावेत.

चौथ्या अटीचं मोल कळायला २००५ सालचं एक प्रकरण पुरेसं आहे. दक्षिण कोरियाच्या ह्वांग वू-सुक यांचा स्टेम सेलवरचा निबंध 'सायन्स'मध्ये आला. त्यावर ज्येष्ठ लेखक म्हणून अमेरिकेतल्या जेराल्ड शॅटन यांचं नाव होतं. प्रयोग मात्र कोरियात झाले होते. निबंधाबद्दल संशय वाढला, तेव्हा शॅटन यांनी आपलं नाव काढून टाकायला सांगितलं. त्यांच्या विद्यापीठाच्या चौकशीत निष्कर्ष निघाला की बनावटगिरीत त्यांचा हात नव्हता, पण ज्येष्ठ लेखकाची जबाबदारी त्यांनी टाळली होती.

आपल्याकडचे ज्येष्ठ म्हणतात, "मी कुठे मागितलं? पोरांनीच घातलं." ते खरंही असतं. मागावं लागत नाही, हीच तर ज्येष्ठतेची ताकद. फेलोशिपच्या कागदावर सही त्यांची, शिफारसपत्र त्यांचं. नाही म्हटल्यावर ज्याचं नुकसान होऊ शकतं, त्याच्या होकाराला मी संमती म्हणणार नाही.

यावर कुणी म्हणेल, मोठ्या नावाचा फायदा विद्यार्थ्यालाही होतोच की! होतो. पण मग तोटा तिसऱ्याचा होतो. ज्याच्या निबंधावर असं नाव नाही, तो तितकंच चांगलं काम करून मागे राहतो. त्याला तर कुणी विचारलेलंही नसतं.

म्हणून नकार देण्याचं ओझं मी विद्यार्थ्यावर टाकणार नाही. दोघांपैकी ज्याला नकार स्वस्तात पडतो, त्यानेच तो द्यायचा. मसुदा हातात आला की सरांनी एवढंच विचारावं, "यात माझं काय आहे?" उत्तर सापडलं नाही, तर स्वतःचं नाव स्वतःच खोडावं.