धुऱ्यापलीकडचं गिऱ्हाईक

वरूडच्या संत्रा मंडीत बांगलादेशाचं नाव एखाद्या जुन्या गिऱ्हाइकासारखं घेतलं जातं. 'बांगलादेश चालू हाय का?' 'नाई, या आठवड्यात थंडा हाय.' ढाक्यात कुणाचं सरकार आहे, निवडणुका केव्हा आहेत, याच्याशी मंडीला फारसं देणंघेणं नसतं. पेट्रापोलच्या नाक्यावरून किती गाड्या पलीकडे गेल्या आणि पलीकडच्या सरकारनं किलोमागे किती कर लावला, एवढ्यावर वरूड-मोर्शीच्या हजारो घरांचं वर्ष ठरतं. दिल्लीतल्या चर्चासत्रांत ज्याला शेजारधर्म म्हणतात, तो आमच्या अमरावती जिल्ह्यात क्रेटमध्ये भरून ताडपत्रीखाली रचलेला असतो.

बांगलादेशाचं महत्त्व समजायला आपलं संत्रं आधी समजलं पाहिजे. नागपुरी संत्र्याची साल सुटी, फळ नाजूक, बियांचं आणि झाडावरून उतरलं की फार दिवस न टिकणारं. युरोपच्या दुकानांना चकचकीत, बिनबियांचं, महिनाभर तोंड न पाडणारं फळ लागतं. आपलं तसं नाही. बांगलादेशाला मात्र ते आवडतं. त्यातही मुंबई-दिल्लीचा व्यापारी ज्या बारक्या फळाकडे नाक मुरडतो, ते तिथे आनंदानं खपतं. म्हणून विदर्भातून देशाबाहेर जाणाऱ्या संत्र्यांपैकी बहुतेक माल वर्षानुवर्षं एकाच देशात गेला. आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की ग्रेडिंगच्या शेडमध्ये पट्ट्यावरून फळं घरंगळतात, मेणाचा हात फिरून चमकतात आणि आकारानुसार खालच्या खणांत पडतात. सगळ्यात शेवटच्या, बारक्या फळांच्या खणाशी बसलेल्या बायांच्या हाताला त्या काळात उसंत नसे. तो खण भरला की बांगलादेशाची गाडी भरली.

मग करानं डोकं वर काढलं. २०१९ च्या सुमारास किलोमागे वीसेक रुपये असलेलं आयातशुल्क दरवर्षी पायरी चढत २०२३ मध्ये ८८ रुपयांवर गेलं आणि पुढच्या वर्षी त्यानं शंभरी ओलांडली. बागेत ज्या फळाला वीस-पंचवीस रुपये मिळायची मारामार, त्याच्यावर नाक्यावर चौपट कर. डिसेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं ८८ पैकी निम्मे, म्हणजे ४४ रुपये अनुदान म्हणून सोसण्याचं ठरवलं. महाराष्ट्राचा करदाता बांगलादेशाच्या तिजोरीत जाणारा कर अर्धा भरणार, असा तो सरळ अर्थ. अशी कल्पना सुचायलाही अडचण फार मोठी असावी लागते.

मोर्शीजवळ माझ्या मामांची बाग आहे. कर ८८ वर गेला त्या हंगामात मी गेलो, तर मामा झाडाखाली पडलेली फळगळ पायानं बाजूला सारत होते. म्हणाले, "आपल्या सरकारनं कांदा अडोला, त्याहीनं संत्रं अडोलं. मधात आपून मेलो. तू पेपरात लिहतं ना, मंग हे लिह."

मामांचं म्हणणं वरूडपासून विधानसभेपर्यंत सगळेच बोलून दाखवतात, आणि ते निराधार नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये भारतानं कांद्याची निर्यात एका फटक्यात बंद केली. २०२० च्या सप्टेंबरात पुन्हा तेच; सीमेवर उभ्या गाड्यांतला कांदा सडला. डिसेंबर २०२३ मध्ये तिसऱ्यांदा. बांगलादेशाचं स्वयंपाकघर आपल्या कांद्यावर चालतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा उद्योजकांच्या सभेत त्यांनी हसत हसत, चक्क हिंदीत, सांगितलं की आपण स्वयंपाक्याला कांदा घालायचा नाही अशी ताकीद दिली आहे. आणि निर्यात थांबवायचीच असेल तर जरा आधी कळवत जा, एवढी विनंती केली. सभा हसली. मला त्या विनोदापेक्षा शेवटची विनंती महत्त्वाची वाटते. कांदा पाठवा, असं त्या म्हणाल्या नाहीत. आधी सांगा, एवढंच म्हणाल्या. पुढच्याच सप्टेंबरात पुन्हा बंदी आली.

तरीही 'कांद्याचा सूड संत्र्यावर' ही गोष्ट मी पूर्ण मानत नाही. २०२२ मध्ये बांगलादेशाकडचे डॉलर झपाट्यानं आटले, तेव्हा तिथल्या सरकारनं परदेशी फळांना चैनीच्या वस्तूंत टाकून त्यांच्यावर जादा कर बसवला. तो सफरचंदांवर बसला, द्राक्षांवर बसला, भारताबाहेरून येणाऱ्या मालावरही बसला. म्हणजे ढाक्यात ज्या अधिकाऱ्यानं तो कागद तयार केला, त्याच्या डोळ्यांसमोर वरूड नव्हतं. आपली गंगाजळी होती. दिल्लीत कांदाबंदीचा कागद काढणाऱ्यापुढे तरी ढाका कुठे होतं? त्याच्यापुढे शहरातल्या ग्राहकाची ओरड होती. दोघांनीही आपापल्या घरातलं पाहिलं. फरक असा की दिल्लीच्या कागदानं अख्ख्या बांगलादेशाची चूल हलते आणि ढाक्याच्या कागदानं भारतातले दोन-तीन तालुके. दिल्लीला तो धक्का जाणवतही नाही. मोठ्या वावराचा मालक धुरा कोरतो तेव्हा त्याच्या लेखी ती नांगराची एक फेरी असते. पलीकडच्या दोन एकरवाल्याला त्या फेरीची तारीख पाठ असते.

पण यातला खरा पेच पुढेच आहे. कांदा बंद झाला तेव्हा ढाक्यातल्या गृहिणीबरोबर लासलगावचा शेतकरीही रस्त्यावर आला. संत्र्याला कर लागला तेव्हा मामांबरोबर तिथल्या फळवाल्याचाही धंदा बसला. नकाशावर जी रेघ दोन देशांमधून जाते, ती या व्यवहारात भलतीकडूनच गेलेली दिसते: एका बाजूला राजधान्या, दुसऱ्या बाजूला माल पिकवणारे आणि खाणारे. बांगलादेश लहान आहे म्हणून त्याचं चालत नाही, आणि वरूड त्याच कारणानं, फक्त स्वतःच्याच देशात. संबंधांवर लिहिणारे विद्वान हे क्वचितच लिहितात, कारण त्यांच्या लेखी भारत ही एकसंध वस्तू असते.

अकोल्याचा कापूस याची साक्ष देतो. बांगलादेशात कापूस जवळजवळ पिकतच नाही आणि त्या देशाची निर्यात मात्र मुख्यतः तयार कपड्यांची. त्याला सूत हवं, रुई हवी. ती देणाऱ्यांत भारत पुढे. ५ मार्च २०१२ ला केंद्रानं कापसाची निर्यात अचानक थांबवली. देशातल्या गिरण्यांना रुई कमी पडू नये, हे कारण. बांगलादेशातल्या सूतगिरण्यांचं धाबं दणाणलं, आणि त्याच दिवशी अकोल्याच्या जिनिंगमध्ये गाठींचा भाव पडला. त्या वेळचे कृषिमंत्री शरद पवार यांनीही आपल्याला विचारलं नाही म्हणून उघड नाराजी दाखवली. आठवडाभरातच सरकारला पाऊल मागे घ्यावं लागलं, पण ज्यांनी त्या दिवसांत घाबरून कापूस विकला त्यांना त्या माघारीचा काय उपयोग?

वऱ्हाडच्या माणसाला याचं नवल वाटायला नको खरं तर. मोठी सत्ता आणि तिचा छोटा दोस्त यांच्या कागदांत माल म्हणून लिहिलं जाण्याचा आमचा अनुभव दोनशे वर्षांहून जुना आहे. २९ नोव्हेंबर १८०३ ला अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यातल्या अडगावला आर्थर वेलस्लीनं नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला, पाठोपाठ गाविलगड पडला आणि देवगावच्या तहानं वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. तो इंग्रजांनी आपला दोस्त निजाम याला दिला. तोवर वऱ्हाडच्या महसुलात भोसले आणि निजाम असा दुअमली वाटा चाले. आता एकच धनी उरला. बक्षीस म्हणून मिळालेली वस्तू पुढे गहाण टाकली जाते, तसंच झालं. दोस्ती म्हणून निजामाच्या खर्चानं एक फौज उभी राहिली, कंटिन्जंट. तिचे अधिकारी इंग्रज, पगार निजामाचा. पगार थकत गेला, थकबाकीचं कर्ज झालं, कर्ज अर्ध्या कोटीच्या आसपास पोहोचलं, आणि २१ मे १८५३ च्या तहानं त्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं. सोबत नळदुर्ग आणि रायचूर दुआबही गेले होते. १८५७ च्या धामधुमीत निजाम इंग्रजांच्या बाजूनं उभा राहिला, त्याची परतफेड म्हणून १८६० मध्ये ते दोन परत मिळाले. वऱ्हाड मात्र राहिलं. नव्या कागदात एक कलम होतं: दिलेल्या जिल्ह्यांच्या जमाखर्चाचा हिशेब निजामानं मागायचा नाही.

हे कलम मला सगळ्या तहाचा गाभा वाटतं. वऱ्हाड म्हणजे काळी जमीन, काळी जमीन म्हणजे कापूस. आणि अमेरिकेतलं यादवी युद्ध तोंडावर होतं. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना तेव्हा अमरावतीच्या कापसाला सोन्याचे दिवस आले, रेल्वे आली, खामगावला फाटा आला. त्या मिळकतीचा हिशेब दोस्ताला विचारता येणार नव्हता. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळवायचा ध्यास घेतला, १८७६ मध्ये ते इंग्लंडलाही गेले. तिथे त्यांचा मानसन्मान भरपूर झाला, वऱ्हाड मिळालं नाही. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झननं ते वर्षाला २५ लाखांवर कायमच्या पट्ट्यानं घेऊन टाकलं. पुढचे निजाम उस्मान अली खान यांनी पुन्हा मागणी केली तेव्हा मार्च १९२६ मध्ये व्हाइसरॉय रीडिंगनं त्यांना लिहून कळवलं की हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ आहे, कुठलाही संस्थानिक तिच्याशी बरोबरीनं वाटाघाट करू शकत नाही. याच माणसाला पहिल्या महायुद्धातल्या मदतीबद्दल 'ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त' असा किताब मिळालेला होता. शेवटी १९३६ मध्ये त्यांच्या नावापुढे हैदराबादसोबत बेरारही लागलं आणि युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणू लागले. जमीन त्यांना मिळाली नाही, नाव मिळालं.

या सव्वाशे-दीडशे वर्षांच्या कागदपत्रांत वऱ्हाडी माणूस कुठेही सही करताना दिसत नाही. निजामाच्या हक्काबद्दल हळहळणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं. वऱ्हाडच्या कुणब्याला कोणता धनी हवा, हे निजामानंही विचारलं नव्हतं.

पुढे जगात धनी बदलले, रीत फारशी बदलली नाही. नव्यानं जन्मलेल्या बांगलादेशानं क्युबाला तागाची पोती विकली म्हणून १९७४ मध्ये, दुष्काळ तोंडाशी असताना, अमेरिकेनं त्याची धान्याची मदत रोखून धरली. पोत्यांची ती विक्री थांबवावी लागली. आणि आपण तरी प्रत्येक ठिकाणी मोठेच कुठे असतो? ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के कर लावला तेव्हा आपल्याकडच्या अग्रलेखांत जो शब्द सगळ्यात जास्त दिसला, तो अन्याय. त्याच महिन्यात केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ केलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. कापडगिरण्यांना स्वस्त रुई मिळावी म्हणून. वऱ्हाडातला नवा कापूस बाजारात येण्याचे नेमके हेच महिने. मोठ्यानं लहानाला दाबलं की लहान आपल्याहून लहानाकडे सरकतो, आणि तो दाब सरकत सरकत अकोट-मूर्तिजापूरच्या वावरापर्यंत येतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये हसीनांची सत्ता गेली आणि दोन राजधान्यांमधला उरलासुरला ओलावा आटला. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशानं जमिनीवरच्या नाक्यांतून भारतीय सूत घेणं थांबवलं, मे महिन्यात भारतानं त्यांच्या तयार कपड्यांना तेच नाके बंद केले. १९९६ चा गंगेच्या पाण्याचा करार तीस वर्षांचा. त्याची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये पुरी होते. पाण्यावर वाटाघाटी होतात, नाक्यांवरही होतील. त्यांत संत्र्याचा विषय निघावा अशी मागणी आमचे आमदार-खासदार करतात, आणि तो निघावाही. पण मला विचाराल तर सवलतीहूनही आधी मागायची गोष्ट हसीनांनी दिल्लीत मागितली होती तीच आहे: पूर्वसूचना. झाडाला ताण द्यायचा की नाही, कोणता बहार धरायचा, हे बागाईतदार कितीतरी महिने आधी ठरवतो. एकदा बहार धरला की फळ कुणाच्या अधिसूचनेसाठी थांबत नाही. शुल्क वाढवायचं असेल तर ते या हंगामाला नाही, पुढच्या हंगामाला लागेल, एवढं दोन्ही सरकारांनी एकमेकांना लिहून दिलं तरी बरंच भागेल. यात कुणाचं सार्वभौमत्व बुडत नाही.

सरकारं लिहून देतील तेव्हा देतील. मोर्शीत व्यापाऱ्यांनी आपल्यापुरता मार्ग काढला आहे. पूर्वी बाग पाहून एकच ठोक भाव ठरायचा आणि इसार हातावर पडायचा. या वर्षी मामांनी बाग दिली तेव्हा व्यापाऱ्यानं दोन भाव सांगितले, बांगलादेश चालू राहिला तर एक आणि बंद झाला तर दुसरा. मामांनी आणखी एक ओळ घालून घेतली: तोडणी सुरू झाल्यावर कर वाढला तर वाढीचा भार व्यापाऱ्याचा. त्यावर दोघांची सकाळ गेली, चहा दोनदा झाला, आणि ओळ कागदावर राहिली.