उष्ण टोक आणि थंड टोक

विषमता नसेल तर जग चालेल कसे, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. आणि विचारणारा बहुधा वरच्या टोकाला बसलेला असतो. घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या आमच्या रोहिणखेडला दिवाळीत नोकरीधंद्याची मंडळी येतात, पारावर गप्पा रंगतात, आणि कापसाच्या भावावरून गोष्ट निघाली की कोणीतरी हे शास्त्र सांगतोच. उंचसखल असल्याशिवाय पाणी वाहत नाही, गरम-थंड असल्याशिवाय इंजिन चालत नाही. मग माणसांतच समतेचा हट्ट कशाला? हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण सृष्टीचा दाखला देणाऱ्याने तो पुरता वाचावा, एवढेच माझे म्हणणे.

असा एक दाखला मला फार बोलका वाटतो. १८२१ साली सीबेक या शास्त्रज्ञाला असे दिसले की, दोन निरनिराळ्या धातू जोडून एक सांधा तापवला तर जवळची चुंबकसूची हलते. उष्णतेने चुंबकत्व उपजले असे त्याने मानले. पुढे ओर्स्टेडने उलगडा केला, की उष्णतेच्या फरकाने वीज वाहते आणि त्या विजेने सूची हलते. २००८ साली मात्र जपानच्या केइओ विद्यापीठातील उचिदा, साइतोह व त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळाच प्रवाह दाखवला. निकेल-लोखंडाच्या अतिशय पातळ चुंबकीय थराचे एक टोक गरम, दुसरे थंड ठेवले, आणि इलेक्ट्रॉनच्या 'स्पिन' नावाच्या गुणाचा प्रवाह वर बसवलेल्या प्लॅटिनमच्या पट्टीत उतरून तेथे विजेचा सूक्ष्म दाब निर्माण झाल्याचे टिपले. स्पिन म्हणजे, ढोबळ भाषेत, प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या अंगचे इवलेसे चुंबकत्व. २०१० साली हेच, ज्यातून वीज मुळीच वाहत नाही अशा चुंबकीय विद्युत्‌रोधकातही आढळले.

तेथे इलेक्ट्रॉन जागचा हलत नाही. मग वाहते काय? वाऱ्यात डोलणारे ज्वारीचे शेत आठवावे. एकही ताट आपली जागा सोडीत नाही, तरी लाट या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत धावत जाते. एका अणूच्या चुंबकत्वाचे डोलणे शेजाऱ्याला लागते, त्याचे पुढच्याला.

तेव्हा फरकाशिवाय प्रवाह नाही, हे खरेच. पण पुढचे पान उलटावे. हा प्रवाह फरक मिटवण्याच्या दिशेने धावतो. पट्टी तशीच सोडून दिली तर थोड्याच वेळात दोन्ही टोके सारखी होतात. फरक टिकवायचा तर एका बाजूला सतत उष्णता पुरवावी लागते आणि दुसऱ्या बाजूची सतत काढून घ्यावी लागते. समाजातली विषमताही आपोआप टिकत नाही. कोणीतरी ती रोज पोसतो, आणि कोणाच्या तरी अंगची ऊब रोज काढून घेतली जाते. तिला निसर्गनियम म्हणण्यापूर्वी तो पोसणारा हात पाहावा.

दुसरे असे की, थंड टोकावाचून उष्ण टोकाला काहीच साधत नाही. प्रवाह दोघांमुळे असतो. एकट्याने श्रेय घेण्याची सोय पदार्थविज्ञानात नाही. पारावरच्या बोलण्यात मात्र भांडवलाचे गुणगान होते आणि भर उन्हात कापूस वेचणाऱ्या बाईची मजुरी 'खर्च' या सदरात जाते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. थंड टोक तापवा, गरम टोक थंड करा, की प्रवाहाची दिशा उलटते. दोन्ही टोकांचा पदार्थ एकच. भेद आहे तो अवस्थेचा, जातीचा नाही. ज्या समाजात आजचे खालचे टोक उद्या वर जाऊ शकते, तेथील फरकाला गतीचे कारण म्हणता येईल. जन्मानेच टोके कायमची ठरवून टाकायची आणि वर सृष्टीचा दाखला द्यायचा, ही सृष्टीची बदनामी होय.

तरी एक शंका उरतेच. सगळे फरक मिटले तर सारे निश्चल होणार नाही काय? पट्टीपुरते तसे होईल. पण येथे उपमा अपुरी पडते, कारण मनुष्यापाशी उष्णतेहून निराळी अशी धनेही आहेत. गुरुजींचे ज्ञान विद्यार्थ्याकडे वाहते तेव्हा गुरुजी थंड पडत नाहीत. आजीची कहाणी नातवाला मिळाली म्हणून आजीपाशी कमी उरत नाही. असे फरक हवेत, पुष्कळ हवेत. त्यांवरच घर चालते, गाव चालते. भूक आणि भरले ताट यांतला फरक मात्र त्यांच्या रांगेत आणून बसवू नये.

पणतीने पणती लावताना पहिलीची ज्योत उणी होत नाही, हे दिवाळीत कोणाला सांगावे लागत नाही. तेल मात्र पहिल्या पणतीतले दुसरीत ओतावे लागते, आणि तेथेच हात आखडतो. समतेचा खरा प्रश्न ज्योतीचा नसून त्या तेलाचा आहे.