‘ठरविणे’ आणि ‘करणे’ : आदिपाप, कृपा व पात्रतेचा प्रश्न

ज्याने काहीच केलेले नाही तो दोषी कसा, आणि ज्याने काहीच कमावलेले नाही तो निर्दोष कसा, या दोन प्रश्नांच्या कात्रीत ख्रिस्ती धर्मशास्त्रातील आदिपापाचा व कृपेचा सिद्धांत सापडलेला आहे. पहिल्या प्रश्नात आदिपापाची संकल्पना न्यायबुद्धीला आव्हान देते, तर दुसऱ्यात कृपेची. मराठीत या सिद्धांताचा विचार बहुधा धर्मांतराच्या वादाचा एक भाग म्हणूनच झाला. त्यात गुंतलेला नैतिक पेच मात्र कोणत्याही एका पंथापुरता मर्यादित नाही. माणसाची योग्यता कोणी ठरवावी आणि कशाच्या आधारे, असे त्या पेचाचे स्वरूप आहे.

या सिद्धांताचा इतिहास हा काही अंशी भाषांतराचा इतिहास आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, आदामामागून मृत्यू सर्व मानवांपर्यंत कसा पोचला हे सांगताना पौलाने एक ग्रीक शब्दबंध योजला. ‘कारण’ असा त्याचा अर्थ आजचे बहुसंख्य अभ्यासक घेतात. ऑगस्टिनसमोरच्या लॅटिन पाठात त्याचे ‘ज्याच्या ठायी’ असे रूपांतर झाले होते, आणि आदामाच्या ठायी साऱ्या मानवजातीने पाप केले या प्रतिपादनाला त्यातून शब्दप्रमाण लाभले. ग्रीक पाठ वाचणाऱ्या पौर्वात्य चर्चने वारशाने मर्त्यता येते असे मानले. वैयक्तिक अपराध येतो असे मानले नाही. ऑगस्टिनचा सिद्धांत केवळ या एका शब्दावर उभा आहे असे म्हणणे अतिव्याप्त ठरेल. तथापि एका अव्ययाच्या अन्वयाने मानवी स्वभावाचे चित्र किती बदलते, याचे हे ठळक उदाहरण होय.

दुसरे उदाहरण मराठीच्या अधिक जवळचे आहे. पौलाच्या ग्रीक क्रियापदात न्यायालयीन निवाड्याची छटा आहे, तर त्याच्या लॅटिन प्रतिशब्दात ‘नीतिमान करणे’ हा अर्थ घटक म्हणूनच सामावलेला आहे. सोळाव्या शतकातील वाद याच फटीतून वाढला. ल्यूथरच्या मते माणूस पापी असतानाच नीतिमान म्हणून गणला जातो; ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ साली, कृपेने माणूस आतूनही खरोखर पालटतो असे प्रतिपादिले. १९९९ साली ऑग्सबर्ग येथे ल्यूथरन व कॅथलिक पक्षांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या करीपर्यंत हा वाद साडेचार शतके धुमसत राहिला. मराठी बायबलच्या प्रचलित भाषांतरात ‘नीतिमान ठरविणे’ असा प्रयोग आहे. ‘करणे’ टाळून ‘ठरविणे’ स्वीकारताना मराठीने, कदाचित नकळत, एका पक्षाची बाजू घेतली आहे.

परंतु मराठी वाचकाच्या मनात या शब्दांची गाठ पडते ती कर्मविचाराशी. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त आदिमानवाच्या पतनाची कथा ओवीछंदात आणली आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्दही वापरला. पण शब्द उसना घेतला तरी त्यामागचा हिशेब उसना घेता येत नाही. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण या त्रयीत जीव भोगतो ते त्याचे स्वतःचेच असते. दुसऱ्याचे पाप त्याच्या खाती पडत नाही. या दृष्टीने कर्मसिद्धांत आदिपापापेक्षा अधिक न्याय्य वाटतो. त्या न्यायाची किंमतही मात्र लक्षात घ्यावी लागते. प्रत्येक भोग स्वार्जित असेल, तर भोगणाऱ्याचे दुःख हाच त्याच्या दोषाचा पुरावा ठरतो. उलट पाप सर्वांच्याच वाट्याला सारखे आले असेल, तर कोणाच्या हीन अवस्थेवरून त्याच्या पापाचे माप काढता येत नाही.

हा भेद पंडिता रमाबाईंच्या बाबतीत केवळ तार्किक राहिला नाही. कलकत्त्यात धर्मशास्त्रे वाचताना, स्त्री ही स्वभावतःच दुष्ट आणि पुरुषाप्रमाणे मोक्षास अपात्र, या मुद्द्यावर अन्यथा परस्परविरोधी ग्रंथांचे एकमत असल्याचे त्यांना आढळले, असे त्या १९०७च्या आपल्या साक्षनिवेदनात नमूद करतात. गीतेच्या नवव्या अध्यायातही स्त्रियांना परमगतीचे आश्वासन मिळते ते ‘पापयोनी’ या शब्दाच्या सान्निध्यात. त्या शब्दाच्या अन्वयाबद्दल भाष्यकारांत मतभेद आहेत, परंतु सान्निध्य उरतेच. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. तरीही ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडला नाही, अशी त्यांची स्वतःविषयीची नोंद आहे. मुक्ती ही मोबदला नसून दान आहे, हा प्रत्यय त्यांना १८९१च्या सुमारास आला. जन्मानुसार वाटलेल्या पापाऐवजी सर्वांना समान असलेले पाप त्यांनी स्वीकारले. त्या स्वीकारात दैन्यापेक्षा सुटकेचाच भाग अधिक होता. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी निराश्रित मुलींना आश्रय दिला तेव्हा गरज हाच निकष होता, गुण नव्हे.

या भूमिकेवरील सर्वांत कठोर आक्षेपही महाराष्ट्रातूनच आला. लेखन आणि भाषणांच्या पाचव्या खंडात १९८९ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनात डॉ. आंबेडकर दाखवून देतात, की अस्पृश्याला आपली अधोगती अन्याय्य परिस्थितीमुळे झाली हे ठाऊक असते. धर्मांतरानंतर ती आपल्याच पापामुळे झाली असे त्याला शिकविले जाते आणि परिस्थिती बदलण्याची प्रेरणा मावळते. सर्वच पापी असतील तर पाणवठा बंद करणारा आणि तहानलेला राहणारा यांत फरक काय उरला? समतेचा हा युक्तिवाद अन्यायाचा कर्ता झाकून टाकतो. ‘सर्वांचे पाप’ म्हणजे व्यवहारात कोणाचेच पाप नव्हे, असा त्याचा अर्थ होऊ शकतो.

रमाबाई आणि आंबेडकर यांच्यातील हा ताण मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर आजही पाहता येतो. रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडले तेव्हा लॉर्ड रे गव्हर्नर होते. त्यांचे नाव धारण करणाऱ्या रे रोडच्या परिसरात, दारूखान्याकडच्या बंदराच्या जमिनीवर झोपड्या आहेत. राज्याच्या कायद्याने १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीधारकास संरक्षण दिले. बंदराची जमीन केंद्राच्या अखत्यारीतली असल्याने तेथील प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. अशा झोपडीत जन्मलेले मूल जन्मतःच ‘अतिक्रमक’ असते. पुढे ते ‘पात्र’ वा ‘अपात्र’ ठरते, ते कागदपत्रांच्या आधारे. ऐहिक आदिपाप आणि ऐहिक कर्मनिवाडा यांचा असा संयोग क्वचितच आढळेल. या मुलाला ‘आपण सारेच पापी’ असे सांगणे ही आंबेडकरांनी दाखविलेली फसवणूकच होय. परंतु ‘आधी लायकी सिद्ध कर’ असे म्हणणेही, रमाबाईंना ज्यातून सुटका हवी होती, त्याच हिशेबाकडे परत नेते.

तेव्हा प्रश्न सिद्धांताच्या सत्यतेइतकाच तो कोणाला उद्देशून उच्चारला जातो याचाही आहे. पीडिताला उद्देशून उच्चारलेले आदिपाप हा आरोप असतो; निवाडा करणाऱ्याला उद्देशून उच्चारले की तीच त्याच्या अधिकारावरची मर्यादा बनते. दोषमुक्त भूमीवर उभे राहून इतरांची पात्रता मोजण्याचा हक्क कोणालाच नाही, एवढे तरी त्यातून निष्पन्न होते. कृपेमुळे अन्यायाचा कर्ता विसरावा लागत नाही. जगण्याचा अधिकार गुणांवर टांगलेला नाही, एवढेच ती सांगते. दंड कर्त्यापाशी राहू शकतो, परंतु आसरा मिळण्यासाठी निर्दोषत्वाची अट घालता येत नाही. मराठीने निवडलेल्या ‘ठरविणे’ या क्रियापदाला कर्ता लागतोच. तो कर्ता कोण, ही विचारणा टाळून या सिद्धांताचे जे समर्थन वा खंडन होईल, ते अपुरेच राहील.