गाती वहिवाट

दिवंगत गायकाचे स्मरण करणे आता फारच सुकर झाले आहे. तबकडी लावताच गळा पुन्हा बोलू लागतो आणि गेलेल्याचे जाणे घटकाभर रद्दबातल ठरते. परंतु जो गायक मंडळीचा पाळकही होता आणि ज्याने आपला आवाज मुख्यत्वे इतरांना गाते करण्यासाठी राबविला, त्याच्या बाबतीत एवढ्याने भागते का, हा प्रश्न ९ फेब्रुवारी १९९१ रोजी कॅलिफोर्नियात निवर्तलेल्या रेव्हरंड जेम्स क्लीव्हलँड यांच्या स्मरणाने मनात उभा राहतो.

शिकागोच्या पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चमध्ये, गॉस्पेल संगीताचे जनक मानल्या जाणाऱ्या थॉमस डॉर्सी यांच्या छायेत हा कृष्णवर्णीय मुलगा गाऊ लागला. पण पोरवयातील तो कोवळा, उंच पट्टीचा आवाज अतिश्रमाने कायमचा घोगरा झाला. दुसऱ्या कोणी गाणे सोडून दिले असते. क्लीव्हलँड यांनी त्या खरखरीतूनच आपली रीत घडविली: ओळ अर्धी गावी, अर्धी बोलावी, आणि ती शिगेला पोहोचणार तोच गायकवृंदाच्या हवाली करावी. सप्टेंबर १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बाँब फुटून चार मुली मृत्यू पावल्या, आणि त्यानंतर चारच दिवसांनी न्यू जर्सीच्या ‘अँजेलिक क्वायर’सह त्यांनी ‘पीस, बी स्टिल’ ध्वनिमुद्रित केले. या गीतातली, येशूने वादळ शांत केल्याची कथा त्या गाणाऱ्यांच्या लेखी केवळ गालील समुद्रावरची उरली नसावी.

जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये गायिका अरीथा फ्रँकलिन गात होत्या, त्याचे चित्रण उपलब्ध आहे. डेट्रॉइटमध्ये वडिलांच्या चर्चमध्ये लहानपणी ज्यांचे वादन त्यांनी जवळून ऐकले होते, तेच क्लीव्हलँड येथे पियानोवर. पण ‘अमेझिंग ग्रेस’ रंगात येताच या कसलेल्या पाळकाला राहवले नाही, रुमालात तोंड लपवून ते हुंदके देऊ लागले, आणि तरीही गाणे क्षणभरही अडले नाही. गुरूच्या हयातीतच गाण्याने गुरूविना चालून दाखविले, यापेक्षा त्याच्या शिकवणुकीचा सबळ दाखला कोणता?

त्यांनी स्थापिलेल्या ‘गॉस्पेल म्युझिक वर्कशॉप ऑफ अमेरिका’च्या वार्षिक मेळाव्यांत हेच सूत्र होते, गावोगावचे गायक तेथे नवी गीते शिकत आणि ती आपापल्या मंडळीत नेऊन रुजवीत. अशा वारशाचे स्वरूप वहिवाटीच्या हक्कासारखे असते: कागद दप्तरात सुरक्षित असला, तरी वाट प्रत्यक्ष चालती राहिली नाही तर हक्क निकामी होतो. म्हणून क्लीव्हलँड यांच्या तबकड्या जतन कराव्यात, हे योग्यच; मात्र ज्या मंडळीत त्यांची गीते श्रद्धेने नुसती ऐकली जातात, तिच्यापेक्षा रविवारच्या उपासनेत ती बेसूर का होईना, पण एकमुखाने गाणारी मंडळीच त्यांची खरी वारस होय.