श्री शिल्लक

मार्च सरत आला की शिराळ्याच्या आसपासच्या दूध संस्थांत आणि सोसायट्यांत रात्री उशिरापर्यंत दिवे दिसतात. ३१ तारखेला वर्ष संपते, हिशेब संपत नाही. अशाच एका कचेरीत संगणकाने इशाऱ्याची खिडकी पुढे केली : तुमचे सूत्र फिरून स्वतःकडेच येते आहे. लिपिक मुलीने 'ओके' दाबले. खिडकी गेली आणि नफ्याच्या जागी शून्य उरले.

मला बोलावणे आले ते त्या शून्यासाठी.

*

इशारा मिटवायला एक बटण पुरते. दोष मिटवायला रात्र लागते. म्हणून बटण जास्त झिजते.

*

पहिले वेटोळे पाच मिनिटांत सुटले. डी २ पासून डी २० पर्यंतची बेरीज, आणि ती लिहिली होती डी २० मध्येच. बेरजेने स्वतःलाही बेरजेत धरले होते.

वहीत हे होत नाही. तिथे आपण रेघ मारतो : वर रकमा, खाली बेरीज. संगणकाच्या शीटवर चहूकडे रेघाच रेघा असतात, म्हणून ती एक रेघ कुठेच नसते.

*

शीटवरचा हिशेब तसा अलीकडचा. पहिले 'व्हिजिकॅल्क' १९७९ सालचे, 'एक्सेल' १९८५ सालचे. दोष मात्र जुना, आणि आपल्या नैयायिकांनी त्याला केव्हाच नावे देऊन ठेवली आहेत. स्वतःचा आधार स्वतःच, तो आत्माश्रय. दोघांनी एकमेकांवर टेकणे, तो अन्योन्याश्रय. तिघे-चौघे फेर धरून एकमेकांच्या खांद्यावर बसले, तर चक्रक.

एक्सेल तिघांनाही 'सर्क्युलर रेफरन्स' म्हणून एकाच नावाने हाक मारते. दुरुस्तीला बसणाऱ्याने मात्र तिन्ही नावे पाठ ठेवावीत. आत्माश्रय डोळ्यांना दिसतो. अन्योन्याश्रय बाण काढल्यावर दिसतो. चक्रक बहुधा दुसऱ्या शीटवर असतो, लपवलेल्या रकान्यात, आणि ज्याने ती फाइल रचली तो नोकरी सोडून गेलेला असतो.

*

'फॉर्म्युलाज'मध्ये 'एरर चेकिंग'शेजारचा बाण दाबला की एका सेलचा पत्ता मिळतो. लोक त्या सेलवर तुटून पडतात, सूत्र पुसतात, पुन्हा लिहितात, आणि खिडकी पुन्हा येते. पत्ता खरा असतो, पण तो फेरातल्या एका गड्याचा. फेर सगळ्यांनी मिळून धरलेला असतो.

'ट्रेस प्रिसिडंट्स'ने निळे बाण काढत मागे मागे जावे. निघालो त्याच सेलवर परत पोचलो की वाट पूर्ण झाली. मग प्रश्न एकच उरतो : या वाटेवरचा कोणता आकडा बाहेरून यायला हवा होता?

*

बाहेरगावचा माणूस या दोषाचे चित्र काढायला बसला की शेपूट गिळणारा साप काढतो. शिराळ्यात ते चित्र खपत नाही. या गावाने पिढ्यान्‌पिढ्या नागपंचमीला नाग हाताळले. उच्च न्यायालयाच्या २०१४ सालच्या निकालानंतर जिवंत नागांचे खेळ आणि मिरवणुका थांबल्या, नजर मात्र गेली नाही. नागाच्या वेटोळ्याला एकीकडे तोंड असते, दुसरीकडे शेपूट, म्हणून तर ते उलगडते.

आकड्यांच्या वेटोळ्याला तोंड नसते. ते शोधून सापडत नाही, द्यावे लागते.

*

दुसरे वेटोळे चक्रक निघाले. राखीव निधी नफ्याचा चौथा हिस्सा, हे सूत्र बरोबर होते. पण राखीव निधीची ओळ कुणीतरी खर्चात घातली होती. मग नफ्यावरून निधी, निधीवरून खर्च, खर्चावरून पुन्हा नफा.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० सालचा. त्यात निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीला जातो. आधी नफा ठरतो, मग त्याची वाटणी होते. ती ओळ खर्चातून उचलून वाटणीत ठेवली आणि फेर मोडला. एकही आकडा बदलला नाही, फक्त ओळीची जागा बदलली.

पुष्कळ गुंते चुकीच्या आकड्यांचे नसतात. जेवायच्या आधीच उष्टे मोजायला घेतल्याचे असतात.

*

फेर दिसला की तो चूकच, असे मात्र नाही. धरा, सेवकांना बोनस द्यायचा आहे, बोनस वजा जाता उरलेल्या नफ्याच्या दहा टक्के. बोनसआधीचा नफा १,१०,००० रुपये. नफा कळल्याशिवाय बोनस नाही, बोनस कळल्याशिवाय नफा नाही. तरीही बोनस शून्य धरून निघा. पहिल्या फेरीला ११,००० येतात. दुसरीला ९,९००. मग १०,०१०, मग ९,९९९, मग १०,०००.१०. प्रत्येक फेरीत चूक आधीच्या दहाव्या हिश्शाएवढीच उरते आणि हिशेब १०,००० वर येऊन विसावतो.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी एवढा फिरत नाही. एकशे दहातले दहा, म्हणजे अकरावा हिस्सा, असे तो एका ओळीत सांगतो. फेऱ्यांनी जे दमून सापडते ते समीकरणाने बसल्याजागी सापडते.

*

एक्सेललाही फेऱ्या घालायची मुभा देता येते. सेटिंगमध्ये एक खूण केली की ते मुकाट फिरू लागते. शंभर फेऱ्या झाल्या, किंवा दोन फेऱ्यांतला फरक ०.००१ च्या आत आला, की थांबते. हे दोन्ही आकडे आपण बदलेपर्यंत तसेच असतात.

जपमाळेला एकशे आठ मणी असतात आणि वर मेरुमणी. मेरू ओलांडत नाहीत. गोल फिरणाऱ्याला थांबायची जागा आधी नेमून द्यावी लागते, हे माळ ओवणाऱ्याला ठाऊक होते.

पण थांबणे म्हणजे पोचणे नाही. एखाद्या सेलमध्ये 'हाच सेल अधिक एक' असे लिहा. शंभर फेऱ्यांनी शंभर येतात. पुन्हा मोजायला लावा, दोनशे येतात. माळ संपल्याचे माळ सांगते. जप पोचला की नाही, ते सांगत नाही.

*

ती खूण उत्तर मिळवायला थोडेच लोक करतात. बाकीचे खिडकी घालवायला करतात. खूण केली की मुद्दाम धरलेला फेर चालतो आणि चुकून पडलेलाही चालतो. इशारा मरतो, दोष जगतो.

शिवाय ही खूण संसर्गाने लागते. आधी जी फाइल उघडली तिची रीत मागून उघडलेल्या फायलींना लागू होते. म्हणून तीच फाइल सकाळी गप्प असते, दुपारी तक्रार करते, या टेबलावर शहाणी तर त्या टेबलावर वेडी. लोक म्हणतात, कॉम्प्युटरला काहीतरी झालंय. कॉम्प्युटरला काही झालेले नसते, संगत बदललेली असते.

*

बीज आधी की अंकुर आधी? जुन्या शास्त्रकारांनी या फेराला दोष मानला नाही. बीजांकुरन्याय म्हणून त्याला वेगळी जागा दिली. ज्या बीजातून हे झाड उगवले ते याच झाडाचे बीज नव्हते. मध्ये पावसाळे गेले होते.

कॅश क्रेडिटचे व्याज सरासरी बाकीवर काढले की व्याज बाकीत शिरते आणि बाकी व्याजात. आरंभीच्या बाकीवर काढले की ते सुटते. थोडी अचूकता जाते, पण काल आणि आज वेगळे होतात. वर्तुळात काळ घातला की त्याची वाट होते.

*

संस्थेचे जुने सचिव, सगळे त्यांना तात्या म्हणतात, त्या रात्री येऊन बसले होते. चाळीस वर्षे त्यांनी हाताने कीर्द लिहिली. पानाच्या माथ्यावर, जमेच्या बाजूला, पहिली ओळ ठरलेली : श्री शिल्लक. ती कालच्या पानावरून येते. आजच्या कुठल्याही व्यवहाराला तिच्यात हात घालता येत नाही, कारण तिची शाई काल वाळली आहे.

तात्यांना सर्क्युलर रेफरन्स म्हणजे काय ते समजेना. चाळीस वर्षांत तो त्यांच्या वहीत एकदाही शिरला नव्हता.

*

तिसरे वेटोळे मात्र सुटेना. दिवाळीला उत्पादकांना द्यायच्या दर-फरकाची तरतूद वर्षाअखेरच करायची होती. लिटरमागे किती, ते नफ्यावरून काढलेले होते. नफा किती दाखवायचा, ते दर-फरकावरून. सूत्रात चूक नव्हती. समीकरणही मांडता येईना, कारण टक्काच कुठे ठरला नव्हता. नफा बघून फरक ठरवू, असे संचालक म्हणत होते. फरक सांगा म्हणजे नफा दाखवते, असे शीट म्हणत होते.

काही फेर गणिताचे नसतात. पहिला आकडा कुणी बोलायचा, यावर सगळे गप्प बसलेले असतात. त्या गप्प बसण्याचे रूप शीटवर शून्य असे दिसते.

*

आठवड्याने बैठक झाली. मुलीने सूत्र पुसले आणि आकडा हाताने टाकला. खालचे सगळे रकाने एका क्षणात भरले. तात्यांनी चष्मा सावरला.

"ह्यो आकडा आला कुठनं?"

"हातानं घातलाय, तात्या."

"कुणाच्या?"

मुलगी थांबली. मग शेजारच्या रिकाम्या सेलमध्ये तिने बैठकीची तारीख आणि ठराव क्रमांक लिहिला.

"आता बरोबर," तात्या म्हणाले. आकडा बरोबर आहे का, ते त्यांनी विचारले नाही.