यंत्राचा रुसवा व मालकाचा हक्क

गेल्या संक्रांतीस, सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा ऐन भरांत असतांना, आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. भगिनीचा मुलगा चार दिवसांकरितां सोलापुरास आला होता, व येतांना त्यानें आपलें खेळाचें यंत्र, ज्यास हल्लीं सर्वच जण कन्सोल म्हणतात तें, बरोबर आणलें होतें. होम मैदानावरील पाळण्यांत बसून झाल्यावर रात्रीं त्यानें तें आमच्या टीव्हीस जोडलें. त्याच दिवशीं गल्लींतील रस्ता खणतांना कोणाच्या तरी कुदळीनें इंटरनेटची केबल तुटली होती. यंत्र सुरू झालें, दिवा लागला, चित्रही उमटलें. परंतु खेळ उघडेना. या खेळावरील आपल्या हक्काची खातरजमा होऊं शकत नाहीं, अशी सूचना पडद्यावर आली. खेळ त्याच्या पुण्याच्या चुलतभावाच्या खात्यावर घेतलेला होता, हें मागाहून कळलें. मुलगा थोडा वेळ स्वस्थ बसला व मग म्हणाला, "मामा, पैसे तर बाबांनी दिले. मग हे परवानगी कोणाची मागतंय?"

आम्हीं त्यास झोपावयास सांगितलें. उत्तर सुचलें नाहीं म्हणजे वडील माणसें हेंच करतात.

असल्या क्षुल्लक गोष्टीकरितां मासिकाचीं पानें खर्चीं घालावीं काय, असें कोणी विचारील. खेळणें बिघडलें, मूल रुसलें, दुसरें खेळणें आणलें. येथें तत्त्वविचारास जागा कोठें आहे? आमचें म्हणणें इतकेंच कीं, मालकी म्हणजे काय हा प्रश्न मनुष्यास प्रथम भेटतो तो शेताच्या बांधावर नव्हे, तर खेळण्यापाशीं. 'हें माझें आहे' हें वाक्य मूल ज्या वस्तूस उद्देशून पहिल्यानें उच्चारतें, तिच्याविषयींच तें खोटें ठरूं लागलें, तर त्याकडे प्रौढांनीं डोळेझांक करणें बरें नव्हे.

आमच्या लहानपणाचीं यंत्रें निराळीं होतीं. जपानांत निन्टेन्डो कंपनीनें १९८३ सालीं 'फॅमिकॉम' नांवाचें यंत्र काढलें. त्याच्या नकला गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आपल्या देशांत पसरल्या, आणि नवी पेठेंतील दुकानांतूनही त्या मांडलेल्या दिसूं लागल्या. आम्ही त्यांस सरसकट 'व्हिडिओ गेम' म्हणत असूं. कंपनीचें नांव विचारण्याचा प्रघात नव्हता. बहुधा तें डब्यावर एक व यंत्रावर दुसरें असे. कॅसेट खोबणींत बसवावी, टीव्हीचा चॅनेल जुळवावा, आणि पडद्यावर खेळाऐवजीं चौकटींचा गोंधळ दिसावा, हा नित्यक्रम. मग कॅसेट काढून तिच्या तोंडांत जोरानें फुंकर मारावयाची व ती पुन्हां बसवावयाची. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस खेळ लागे. ही विद्या कोणीं शिकविली तें सांगतां येत नाहीं. पण अमेरिकेंतील मुलें व जुन्या मिलच्या चाळींतील मुलें ती सारखीच जाणत होतीं.

मोठेपणीं कळलें कीं, फुंकरीस कांहीं गुण नव्हता. कॅसेट काढून पुन्हां बसविली म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांचा स्पर्श जुळे, एवढेंच त्यांतलें सत्य. फुंकरीनें उलट श्वासांतील ओल पट्ट्यांवर बसे व कालांतरानें त्या गंजत. नवसानें पाऊस पडतो म्हणणाऱ्यांस हंसणारे आम्ही, वर्षानुवर्षें प्लॅस्टिकच्या डबीवर मंत्र फुंकीत होतों! तरीही त्या अंधश्रद्धेंत एक गोष्ट होती, जिचें मोल आतां कळतें: बिघाड आमच्या हातापुढें होता, आणि त्यावर कांहीं तरी करण्याची आम्हांस मुभा होती.

त्या काळाचें गुणगान करावें असें मात्र आमच्या मनांत मुळींच नाहीं. कॅसेटवर '९९९९' असा खेळांचा आंकडा छापलेला असे, आणि आंत मूठभर खेळ नांवें व टप्पे बदलून पुन्हां पुन्हां भरलेले असत. ही उघड लबाडी होती. बहुतेक खेळांत प्रगति सांठवून ठेवण्याची सोय नसे. शेवटच्या टप्प्यावर वीज गेली कीं दोन तासांचा पराक्रम मातींत जाई. अडॅप्टर तापे, रिमोटच्या वायरी दरवाजाशीं ओढल्या जाऊन तुटत, आणि रविवारीं दूरदर्शनवर चित्रपट लागला म्हणजे वडील मंडळी यंत्रच काढून ठेवीत. बालपण गोड होतें म्हणून त्यांतील वस्तूही चांगल्या होत्या, हा तर्क टिकणारा नाहीं.

याहून अडचणीची गोष्ट पुढें आहे. अमेरिकेंत १९८५ सालीं हेंच यंत्र नव्या रूपानें विकावयास नेतांना कंपनीनें त्यांत कुलूपवजा चिप बसविली. परवान्यावांचून कोणीं कॅसेट काढूं नये, हा हेतु. यंत्रांतील व कॅसेटमधील चिपांचें एकमेकींशीं जुळलें नाहीं, तर यंत्र सारखें स्वत:स नव्यानें सुरू करी आणि दिवा मिचकावीत राही. त्यांतच, तें खेळणें न वाटतां व्हिडिओ रेकॉर्डरसारखें दिसावें म्हणून, कॅसेट पुढून आंत सारून खालीं दाबण्याची रचना केलेली. तिनें पट्ट्या लौकर सैल पडत. परिणाम असा कीं, पुरते पैसे मोजून अस्सल माल घेणारा तिकडचा मुलगा लुकलुकणारा दिवा पाहात बसे, आणि नकली यंत्रावर नकली कॅसेट लावणारा सोलापूरचा मुलगा, कुलूपच नसल्यामुळें, खेळत राही. चोर सोडून संन्याशास फांशी म्हणतात ती हीच. आणि या व्यवहारांत आम्ही कोणत्या बाजूस होतों, हें वाचकांस निराळें सांगावयास नको.

पुढें कॅसेट गेली व चकती आली. चकतीवर चरे पडत. मग यंत्रें इतकीं बलवान् झालीं कीं, स्वत:च्याच उष्णतेनें तीं मरूं लागलीं. मायक्रोसॉफ्टनें २००५ सालीं काढलेल्या 'एक्सबॉक्स ३६०' च्या तोंडावरील कडें तांबडें झालें कीं कारभार आटोपला असें समजावें. तापून निवण्याच्या फेऱ्यांत आंतील सूक्ष्म सांधे तडकत असत. लोकांनीं त्यावर यंत्र टॉवेलांत गुंडाळून मुद्दाम आणखी तापविण्याचा अघोरी उपाय शोधला, व तें घटकाभर जिवंतही होई. (आमच्या गांवच्या टॉवेलांचा असाही उपयोग असूं शकतो, हें येथील कारखानदारांस तेव्हां कोणीं कळविलें नसावें.) अखेर जुलै २००७ मध्यें कंपनीनें या दोषापुरती हमी तीन वर्षांपर्यंत वाढविली व त्यापायीं १०० कोटी डॉलरांहून अधिक रकमेची तरतूद केली. निन्टेन्डोच्या २०१७ सालच्या 'स्विच' यंत्राच्या रिमोटची दांडी हात न लावतां आपोआप सरकूं लागे. २०२० सालीं कंपनीच्या अध्यक्षांनीं त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

हे सर्व दोष होते. दोष म्हणजे करणाऱ्यासही जो नको होता तो. त्याबद्दल भरपाई मागतां येते, क्षमा करतां येते, निदान शिव्या तरी देतां येतात. परंतु आमच्या भाच्याच्या पडद्यावर जें दिसलें तो दोष नव्हता. यंत्र उत्तम स्थितींत होतें. ती अट होती. दोषावर रागावणें आणि अटीवर रागावणें यांत फरक आहे, आणि आजची चीड मोठी असूनही मुकी कां, याचें कारण आमच्या मतें याच फरकांत सांपडतें.

सोलापूर हें मागांचें गांव. पूर्व भागांत दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट चालतो. धागा तुटला कीं विणकर गांठ मारतो. माग अडला तर जॉबरला हांक जाते. माग कितीही छळो, चालण्यापूर्वीं तो दूरच्या कोणा शहरास परवानगी विचारीत नाहीं. मालकानें तो विकावा, मोडावा, पोराच्या हवालीं करावा. कन्सोलची गोष्ट आतां तशी राहिली नाहीं. 'द क्रू' नांवाचा मोटारींचा खेळ २०१४ सालीं बाजारांत आला. ३१ मार्च २०२४ रोजीं कंपनीनें त्याचे सर्व्हर बंद केले, आणि ज्यांनीं रोख पैसे देऊन चकती घेतली होती त्यांच्या हातीं नुसती चकती उरली. एकट्यानें खेळावयाचा भागही उघडेना. त्यावरून युरोपांत चळवळ उभी राहिली व २०२५ पर्यंत तिच्या अर्जावर १० लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियानें २०२४ सालीं कायदा केला कीं, ग्राहकास केवळ परवाना देत असतां दुकानदारानें 'खरेदी' हा शब्द तें स्पष्ट न सांगतां वापरूं नये. शब्दाबद्दलचा कायदा म्हणून त्यास कोणी हंसेल. आम्ही हंसणार नाहीं. मुलाचा प्रश्न शब्दाबद्दलच होता.

कंपनीचीही बाजू आहे. सर्व्हर चालविण्यास वीज, माणसें व पैसा लागतो. दहा जण खेळत राहिले म्हणून तें ओझें यावच्चंद्रदिवाकरौ वाहावें, असें म्हणणें न्यायाचें नाहीं. आमचें मागणें त्याहून लहान आहे. कितीं दिवस चालेल तें विकतांना सांगावें, आणि दुकान बंद करतांना गिऱ्हाइकाच्या हातीं किल्ली ठेवून जावें.

पण हें लिहितांना लेखणी अडखळते. ज्यांनीं लहानपणीं चोरीच्या नकलांवर बोटें घासलीं, त्यांनीं मालकीच्या हक्काची गोष्ट कोणत्या तोंडानें करावी? गरिबीचें निमित्त पुढें करतां येईल. अस्सल माल आमच्यासारख्यांच्या घरांत येण्याचा संभवच नव्हता, हें खरेंही आहे. तथापि त्यानें करणाऱ्याचें देणें फिटत नाहीं. कुलुपें वाढत गेलीं, त्यांस आमच्यासारख्यांचा हात लागलेला आहे. आम्हीं तोडलेल्या विश्वासाची किंमत आज भाचा भरतो आहे, असा विचार त्या रात्रीं मनांत आला, व तो पुरतेपणीं झटकतां आला नाहीं.

तिसऱ्या दिवशीं केबल जोडली गेली व खेळ उघडला. मेहुण्यांनीं फोनवर विचारलें कीं, पुढचें यंत्र घेतांना चकती लावण्याची जोडपेटी निराळे पैसे देऊन घ्यावी काय, म्हणजे पुन्हां असा प्रसंग यावयाचा नाहीं. आम्हीं होय म्हणालों. मागाहून माहिती वाचली, तेव्हां कळलें कीं, त्या यंत्रास ती पेटी जोडतांनाही प्रथम एकदां इंटरनेटवरून तिची नोंद करावी लागते. मेहुण्यांस तें अजून कळविलेलें नाहीं.